हार्ड डिस्कचं स्थळ

शेंडेभाऊंनी एक हार्ड डिस्क पाहायला आम्हाला साकोलीहून नागपूरला नेलं होतं. पाच माणसं, जीप भरून. गेलो, डिस्क पाहिली, हातात घेतली, उलटसुलट केली, दुकानदाराला चार प्रश्न विचारले. शेवटी आमच्यातले वडीलधारे दसारामजी घसा साफ करून म्हणाले, "विचार करून कळवतो." आणि आम्ही परत आलो. दुकानदार काउंटरवर दोन्ही हात टेकवून आमच्या पाठीकडं पाहत राहिला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आमच्याकडं पहिल्याच भेटीत होकार दिला तर लोक म्हणतात, घरात काहीतरी खोट असेल!

शेंडेभाऊ आणि मी एकाच आरोग्य केंद्रात नोकरीला होतो. मी नर्स, ते आरोग्य सेवक. गावोगाव सायकल मारून तापाच्या माणसांच्या बोटांतून रक्ताचे नमुने घ्यायचे, हे त्यांचं सरकारी काम. सोयरिकी जुळवणं हे खरं काम. एका हातात सुई, दुसऱ्या हातात रोग्याचं बोट आणि तोंडानं चौकशी चालू. "पोट्टी कितवीत हाये जी तुमची?" तापानं फणफणलेला बाप दात वाजवत सांगायचा, "बारावी." "अन् शेती?" "तलावाखाली हाये." एवढ्यात रक्त काचेवर आलेलं असायचं. रोग्याला कळायचंसुद्धा नाही की आपल्याला सुई टोचली की जावई.

उंच, काटकुळा माणूस. डोक्याला बारा महिने दुपट्टा. आणि एक सवय अशी की कुठलीही वस्तू पसंत करायची तर तिच्यावर बोटाचं पेर वाजवून कान लावायचा. टरबूज, मडकं, दाराची फळी, जुनी मोटारसायकल. एकदा तर एका होणाऱ्या सासऱ्याच्या पाठीवर वाजवलं आणि मला कानात म्हणाले, "सिस्टर, दमा हाये." खरोखरच होता, पण त्या माणसाला ते आवडलं नाही.

दुसरी सवय बोलण्याची. कशाचाही विषय काढा, म्हणायचे, "आधी घर पाहू." मुलगा डॉक्टर असो की तहसीलदार, आधी घर. विहिरीला पाणी किती, भिंतीला ओल किती, सासू पाहुण्यांसमोर सुनेला कशी हाक मारते. मुलाकडं सगळ्यात शेवटी पाहायचे, तेही ओझरतं. म्हणायचे, "पोट्टा तं बदलते, घर बदलत नाई."

आमचा भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा केंद्रात आम्ही सगळे बदल्यांच्या काळजीत. ह्यांना काळजी भलतीच. ह्यांनी जुळवलेल्या निम्म्या पोरी एका दमात परजिल्ह्यात गेल्या होत्या! "सिस्टर, पोट्टी जवळ देऊन राहिलो म्हणून सांगितलं होतं जी मी. आता बापाले काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "अहो भाऊ, गाव तिथंच आहे ना!" तर म्हणतात, "गाव तिथंच हाये, पर कचेरी हालली ना." आणि गंमत म्हणजे एक बाप खरंच तक्रार घेऊन आला. त्याला बसवून, चहा पाजून, नकाशा काढून समजावावं लागलं की तुमची मुलगी हलली नाही.

पत्रिकेचा त्यांना भयंकर तिटकारा. घर बौद्ध, वडिलांनी दीक्षेच्या वेळीच पोथ्या-पंचांग सोडलेलं. कुणी गुण जुळवायची भाषा काढली की भाऊंचं नाक लाल व्हायचं. मी हिंदू शेतकऱ्याघरची. माझ्या पुतणीच्या वेळी माझ्या जावेनं दबकत दबकत पत्रिका काढली, तर भाऊ चहाचा कप खाली ठेवून उठले. "हे कागद चुलीत घाला अन् रक्ताचा रिपोर्ट दाखवा."

कारण आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून पोरांत उतरणारा रक्ताचा आजार, फार. दोघंही वाहक निघाले तर पोरांचे हाल कुत्रं खात नाही, हे आम्ही केंद्रात रोज पाहायचो. म्हणून रिपोर्टाशिवाय सोयरीक नाही, हा त्यांचा कायदा. एकोडीला एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मुलाकडच्यांनी रिपोर्ट आणलाच नाही. अंगठी हातात, मंडप भरलेला, भाऊ मधोमध उभे. "थांबा!" पिशवीतून सुई, काचपट्ट्या, सगळं बाहेर. मला म्हणतात, "सिस्टर, बोट धरा नवरदेवाचं." मी भरजरी लुगडं सावरत नवरदेवाचं बोट धरलं. ते पाहून मुलीचे काका पुढं आले, "माहंबी पाहून घ्या जी, हातासरशी." मग रांगच लागली. आचारीसुद्धा झारा ठेवून आला. अंगठी घालायला दिवस कलला, पण लग्न नीट लागलं आणि त्यांची पोरं आज ठणठणीत आहेत.

आता कौसल्यावहिनींबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण त्यांच्यामुळं झालं.

भाऊंची बायको म्हणजे आवाज. बाई दिसायला एवढीशी, पण आवाज असा की लग्नात त्या गायला उभ्या राहिल्या की भोंगेवाला आपणहून यंत्र बंद करायचा. भाऊंनी जुळवलेल्या प्रत्येक लग्नात त्यांचं गाणं ठरलेलं. मुलाकडच्यांची टिंगल करणारी गाणी त्या जागच्या जागी जुळवायच्या. "व्याही आले डौलात, हात घातला वरणात!" म्हटलं की व्याह्याचा हात खरंच वरणात असायचा. लोक हसून हसून पत्रावळीवर आडवे व्हायचे. भाऊंनी एक कॅमेरा घेतला होता. प्रत्येक लग्न स्वतः चित्रित करायचे आणि घरच्या कॉम्प्युटरमध्ये एका हार्ड डिस्कवर साठवून ठेवायचे.

मग वहिनींच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. कुजबुजीएवढा उरला. ज्या बाईची हाक चौथ्या गल्लीत जायची, ती आता नवऱ्याला बोलवायला स्टीलच्या ताटावर चमचा वाजवू लागली. एक ठोका म्हणजे इकडं या. दोन म्हणजे लवकर या. सलग वाजलं की मी माझ्या घरातून धावत जायची, कारण मधे फक्त एक भिंत. वहिनी त्याचंही हसं करायच्या, पण भाऊंना ते ताट सहन व्हायचं नाही. एकदा मला म्हणाले, "सिस्टर, गाणं ऐकल्याबिगर मले घर घरासारखं वाटत नाई." एवढंच. आणि डोळे पुसायचं सोडून दुपट्टा झटकत बसले.

रोज चहाच्या वेळी ते कॉम्प्युटर लावून एक लग्न पाहायचे. आणि एक दिवस ती हार्ड डिस्क टकटक करू लागली.

भाऊंनी काय करावं? वरून पेर वाजवलं. आतून टक. ह्यांनी परत वाजवलं. परत टक. मला हाक मारून म्हणतात, "सिस्टर, उत्तर देऊन राहिली!" त्यांची मुलगी प्रज्ञा पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिला फोन लावला. ती तिकडून किंचाळली, "बाबा, हात लावू नका! ती मरायला लागली आहे. आजच्या आज साधी एक नवी डिस्क आणा आणि सगळं तिच्यावर उतरवा. बाकी नंतर बघू." आणि मग बोलता बोलता पोरीकडून चूक झाली. तिनं सांगितलं की कायमचं करायचं असेल तर घरात एक सर्व्हर ठेवा. दिवसरात्र चालणारा कॉम्प्युटर, त्यात दोन डिस्क. एकीवर ठेवलं की दुसरीवर आपोआप उतरतं. एक गेली तरी दुसरी राहते. आणि टीव्ही त्याला जोडला की पाहिजे ते लग्न पाहिजे तेव्हा लावा.

झालं. साधी डिस्क राहिली बाजूला. दोन डिस्क, जोडीनं राहणार, एकीचं दुःख दुसरी झेलणार! सोयरिकीवाल्या माणसाला अजून काय पाहिजे? "पर आधी घर पाहू," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, आधी गाणी उतरवा. पोरगी काय सांगते ते ऐका." तर माझ्यावरच डाफरले, "घर पाहिल्याबिगर पोट्टी देऊन टाकू का जी?"

अशी ती पहिली नागपूरवारी. आमच्याकडं एकट्यानं सोयरीक कुणी ठरवत नाही, पाच माणसं लागतात. भाऊ, वहिनी, मी, आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, आणि दसारामजी. दसारामजी भातगिरणीचे मालक. जीप त्यांची. जन्मात फार बोलले नाहीत. प्रत्येक मुलगी पाहायच्या कार्यक्रमात त्यांना नेत, ते शेवटचं एक वाक्य बोलायला. भंडाऱ्याच्या अलीकडं कारध्याच्या पुलावर जीप आली, तेव्हा आमचे मास्तर म्हणाले, "भाऊ, तिथं गेल्यावर काय विचारायचं?" भाऊ म्हणाले, "तुमी गप बसा अन् भिंती पाहा."

दुकानात भाऊंनी कॅबिनेटवर, म्हणजे ज्या डब्यात सगळं बसवायचं त्यावर, पेर वाजवलं. पंखे कुठं, वारा कुठून येतो, मागच्या बाजूला जागा किती. "अजून दोन डिस्का वाढल्या तं कुठी निजतीन?" वहिनींनी दार उघडून आत हात फिरवला आणि कुजबुजल्या, "पालीले जागा हाये." दुकानदार, चष्मा कपाळावर चढवलेला पन्नाशीचा माणूस, म्हणाला, "जाळी लावून देतो." मग मदरबोर्ड पाहिला. भाऊंना तो एकदम पटला. म्हणाले, "सगळ्याइले जोडून ठेवते म्हणजे सासू झाली ही. सासू रुंद पाहिजे." वीज पुरवणारा डबा दोन हातांत तोलून जड तो बाजूला काढला. डिस्क पाहिली. सगळं मनासारखं. मास्तर खिशात हात घालतच होते, तेवढ्यात दसारामजी म्हणाले, "विचार करून कळवतो."

परतताना जीपमध्ये मी चिडले. "अहो, ते बिस्किटासारखं विकत घ्यायचं असतं!" भाऊ शांत. "सिस्टर, माणसानं चहा विचारला का? नाई. मंग घराणं कसं समजावं?"

आठ-पंधरा दिवस चौकशीत गेले. भाऊंनी फोन करून करून ओळखीतला एक एक कॉम्प्युटरवाला गाठला आणि त्या कंपनीच्या डिस्काची 'चालचलणूक' विचारली. इकडं ती टकटक चालूच. सकाळी उठून भाऊ आधी तिला ऐकायचे, जसे आम्ही वॉर्डात नाडी पाहायचो. "आज कमी हाये," म्हणायचे. वहिनी ताट वाजवून मला बोलवत आणि हातानं विचारत, कधी आणणार?

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाहिलेला मदरबोर्ड विकला गेला होता. भाऊंचा चेहरा उतरला. "देऊन टाकली? शब्द न विचारता?" दुकानदार म्हणाला, "काका, शब्द तर तुम्ही देणार होते!" ह्या खेपेला मात्र त्यानं चहा मागवला. त्यावर भाऊ इतके विरघळले की नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर तिथंच पसंत केला. दसारामजींनी तोंड उघडलं, पण मी त्यांच्या हातात बिस्कीट दिलं.

दुकानदार म्हणाला, "थांबा, ह्या बोर्डाला हा प्रोसेसर जुळतो का, ते कंपनीच्या यादीत बघून सांगतो."

"कायची यादी?"

"जुळणीची असते ना. कोणाचं कोणाशी जमतं, कोणाचं नाही."

भाऊंचं नाक लाल झालं. मी मनात म्हटलं, आता मेले. "पाहा सायेब," ते म्हणाले, "माह्या बापानं पंचांग सोडलं. मी आयुष्यात गुण जुळवले नाई. ह्या वयात लोखंडाचे जुळवू का? बांधा दोनी!" दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे बांधा, ह्यांच्याशी वाद घालून फायदा नाही. मास्तरांना तर हे सगळं तत्त्वाचं वाटून टाळ्या वाजवाव्या की काय असं झालं होतं.

घरी आल्यावर तत्त्व बसेना. प्रोसेसर एका मापाचा, बोर्डावरची त्याची जागा दुसऱ्या मापाची. भाऊंनी इकडून धरला, तिकडून धरला. मास्तर म्हणाले, "थोडा दाबून पाहू." प्रज्ञा फोनवरून ओरडली, "दाबू नका!" वहिनींनी ताट सलग वाजवलं. भाऊ घाम पुसत खुर्चीवर बसले. लग्नघरी वरात येऊन नवरा दारात मावेना, अशी त्यांची कळा. मग मीच म्हटलं, "भाऊ, ती यादी म्हणजे पत्रिका नव्हती. रिपोर्ट होता."

त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे आपण बोट टोचून पाहतो ना दोघांचं, तसं त्यांनी कारखान्यात टोचून पाहिलेलं असतं. कोणाचं कोणाशी केलं तर पुढं त्रास होतो ते."

भाऊ उठले, दुपट्टा सोडून परत बांधला. "मंग त्यानं असं सांगाव ना सरळ! रिपोर्ट म्हणाव. यादी काहून म्हणते?" आणि दुसऱ्या दिवशी तो प्रोसेसर बदलायला एकटे एसटीनं गेले. नंतर दुकानदारानं मला सांगितलं, काकांनी आल्या आल्या सगळ्या दुकानासमोर हात जोडले आणि म्हणाले, "माफ करजा. मी रक्त न पाहता साक्षगंध करून बसलो."

त्या दिवसापासून त्यांना रिपोर्टांचं वेडच लागलं. बोर्डाला मेमरी कुठली चालते, रिपोर्ट. विजेच्या डब्याला जोर किती, रिपोर्ट. आमच्याकडं वीज कधी जाईल आणि कधी येईल ह्याचा नेम नाही, म्हणून बॅटरीचा डबा घेतला, त्याचाही रिपोर्ट. सगळं जोडून झालं. कॅबिनेट उभं राहिलं, पालीची जाळी लागली, पंखे फिरले. राहिल्या फक्त दोन डिस्क. म्हणजे ज्याच्यासाठी सगळं मांडलं तेच राहिलं!

मी म्हटलं, दोन सारख्या आणा आणि मोकळे व्हा. तर म्हणाले, "एकाच कुळातल्या? सिस्टर, तुमी नर्स होऊन असं बोलता? एका घरचे दोघं, एकच रोग, एकाच दिवशी जातीन." मी हसले. पण प्रज्ञानं फोनवर सांगितलं की बाबा बरोबर बोलतात, एकाच खेपेत बनलेल्या दोन डिस्क कधी कधी सोबतच बिघडतात, वेगळ्या घ्याव्यात. मग काय विचारता! भाऊ गल्लीभर सांगत सुटले. आणि वेगळ्या कुळातली दुसरी डिस्क शोधायची म्हणून पुन्हा चौकशी सुरू झाली. फोन, निरोप, विचार करून कळवतो.

आणि एका सकाळी टकटक थांबली.

मी चहा ठेवत होते. ताट वाजलं नाही, भाऊंची हाक आली नाही, पण भिंतीपलीकडची शांतता मला ऐकू आली. गेले तर भाऊ कॉम्प्युटरसमोर जमिनीवर बसलेले. डिस्क मांडीवर. पेर वाजवत होते. आतून काही नाही.

नागपूरला एक माणूस अशा डिस्का उघडून माहिती काढतो, त्याच्याकडं नेली. त्यानं सांगितलं, आतला थर खरवडून गेला, काही निघणार नाही. त्याच्या दुकानाच्या पायरीवर भाऊ माझ्यासमोर रडले. वयस्कर माणूस भररस्त्यात रडतो तेव्हा कुठं पाहावं कळत नाही. "माह्या हातानं गेलं, सिस्टर. पोट्टी सांगून राहिली होती, तुमी सांगून राहिले होते. मी घर पाहत बसलो." मला त्यांचा संताप आला होता आणि दयाही. दोन्ही एकदम आलं की मी भांडते, म्हणून भांडले. "आता रडता कशाला? चला आधी डिस्का घ्या!"

"कायले? ठेवाले काय हाये आता?"

तरी आम्ही, जीपमधले सगळे, आपल्या नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आमचे चेहरे पाहिले, काही न विचारता टपरीवरून तर्रीपोहे मागवले आणि दोन वेगवेगळ्या कुळातल्या डिस्क काउंटरवर ठेवल्या. भाऊंनी हातसुद्धा लावला नाही. पेर वाजवलं नाही. आम्ही सगळे दसारामजींकडं पाहू लागलो. दसारामजींनी घसा साफ केला. पोह्यांची प्लेट खाली ठेवली. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "पसंत आहे."

तर असा तो सर्व्हर उभा राहिला. सगळं जुळलेलं, सगळ्यांचे रिपोर्ट चांगले, आणि आत काही नाही. कोपऱ्यात घुंऽऽ करत राहायचा. वहिनी त्याच्यावरची धूळ पुसायच्या. भाऊ चहाच्या वेळी कॉम्प्युटरकडं पाठ करून बसायचे.

मग एकोडीची सुनंदा आली. तिचं लग्न भाऊंनीच लावलेलं, तेच ते सुईवाल्या साक्षगंधाचं. कुणाकडून तरी ऐकलं होतं. पदराखालून एक सीडी काढली. "वहिनीची गाणी गेली म्हणते ना? तुमीच देल्ली होती जी आमाले, लग्नाची. ह्याच्यात हाये." भाऊ त्या सीडीकडं पाहतच राहिले. सर्व्हर सर्व्हर करता करता हा माणूस विसरला होता की प्रत्येक लग्न झालं की त्या लग्नाची एक सीडी करून तो स्वतः सायकलीवरून घरपोच देत असे! मी म्हटलं, "अहो भाऊ, तुमच्या प्रती सगळ्या मुलुखात पडल्या आहेत आणि तुम्ही इथं नाक पुसत बसलात?"

त्यानंतर जे सुरू झालं ते काय सांगू! निरोप गेले. आंबागडपासून माणसं आली. दूध न्यायचा डबा, भाताची पिशवी आणि सीडी. काही सीड्या देवघरातून आल्या, काही भांड्यांच्या फळीमागून. एक धानाच्या बांधीत पाखरं उडवायला टांगलेली होती, ती भोकासकट आणि दोरीसकट आली. चिखल धुतला, मास्तरांच्या सदऱ्यानं पुसली, आणि तीसुद्धा अर्धी चालली! काही मात्र खरवडून पार गेल्या होत्या, त्या मालकिणी आपल्याच नवऱ्यावर ओरडल्या. परजिल्ह्यात गेलेल्या पोरी तिकडून आल्या. प्रत्येकीला सीडी उतरेपर्यंत थांबायचं असे, आपलं लग्न टीव्हीवर पाहायचं असे, चहा प्यायचा असे. मी चहा करून करून दमले. भाऊ प्रत्येक सीडी दोन्ही तळव्यांवर घेत आणि सासरहून आलेल्या लेकीसारखी आत नेत. सगळी लग्नं नाही मिळाली. पण बरीच मिळाली.

पहिली सीडी उतरली त्या दुपारी टीव्हीतून वहिनींचा आवाज आला तेव्हा शेजारचा माणूस भिंतीवरून डोकावला, "वहिनी बऱ्या झाल्या का?" वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. भाऊ मात्र टीव्हीकडं पाहत नव्हते. ते वहिनींच्या ओठांकडं पाहत होते, कारण ओठ गाण्याबरोबर हलत होते.

प्रज्ञानं सांगितलं की एक प्रत परगावी पाहिजे, घराला आग लागली तर? ती पोहोचवायला भाऊ स्वतः पुण्याला निघाले. डिस्क मऊ कापडात गुंडाळून पोह्यांच्या डब्यात. साकोलीच्या स्टँडवर कंडक्टरनं विचारलं, "काका, मांडीवर काय धरून राहिले एवढं?" भाऊ म्हणाले, "बायकोचा आवाज हाये." कंडक्टर हसला, "अन् बाई घरी ठेवली? नशीबवान हो तुमी!" भाऊही हसले, सगळे दात दाखवून. गाडी हलली तेव्हा दुपट्टा खिडकीबाहेर फडफडत होता. मी त्यांना धडधाकट पाहिलं ते तेवढंच. पुण्याहून आल्यावर आजारी पडले आणि हिवाळ्यात गेले. मला आजही त्यांची आठवण आली की भांडावंसं वाटतं.

मागल्या महिन्यात वहिनींकडं गेले होते. चहाची वेळ. कोपऱ्यात सर्व्हर घुंऽऽ करत होता, टीव्हीवर कुठलंसं लग्न. वहिनींचं गाणं रंगात आलेलं, आणि त्यावर भाऊंचा आवाज. कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा ना, त्यामुळं सगळ्यांहून मोठा आवाज त्यांचा. "अरे, तिकडं वरण वाढा! पाहुण्याले पाणी द्या! कौसल्या, जराशी सरक, नवरदेव दिसत नाई!" गाण्याची एक ओळ धड ऐकू देत नव्हता माणूस. पूर्वी आम्हाला ह्याचा फार राग यायचा. मी म्हटलं, "वहिनी, हा भाऊंचा कालवा काढून टाकता येतो म्हणे आता. प्रज्ञा काढून देईल. फक्त तुमचं गाणं राहील."

वहिनींनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मग त्या टीव्हीकडं वळल्या आणि त्या एवढ्याशा उरलेल्या आवाजात म्हणाल्या, "अजी, चूप राहा ना जरा, सिस्टर आल्या हायेत."

आणि रिमोट उचलून आवाज मोठा केला.